बादलीतला ठोकळा

बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं आणि ठोकळा कुठे दिसत नव्हता.

कँटीनच्या नळापाशी तीस-चाळीस बायका गोळा झाल्या होत्या. जेवणाची सुट्टी अर्धी संपली, तरी डबे कुणी उघडले नव्हते. वत्सला कांबळेनं कोपरापर्यंत हात बादलीत घातला, तळ चाचपला आणि मूठभर चिखल वर काढून माझ्यासमोर धरला.

"घ्या बाई. हे तुमचं पाळणाघर."

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी तेव्हा पिंपरीच्या एका कंपनीत सिव्हिल डिपार्टमेंटला होते. सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. कंपनी टेलिफोनचे आणि रेडिओचे सुटे भाग बनवायची. केसासारख्या तारेची कॉइल गुंडाळायचं काम बायकांच्या बोटांना चांगलं जमतं असा साहेबलोकांचा समज होता, म्हणून वाइंडिंग सेक्शनमध्ये सगळ्या बायकाच. बाकी कंपनीत बाईमाणूस दुर्मीळ, आणि हातात लेव्हल घेऊन साइटवर फिरणारी तर मी एकटीच. मिस साठे हे माझं कागदावरचं नाव. शॉपमध्ये आणि साइटवर मी साठेबाई.

पाळणाघर म्हणून जी जागा होती ती पेंट शॉपच्या मागची पत्र्याची शेड. थिनरचा वास दिवसभर. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की मुलं रडून रडूनच झोपी जायची. एक दिवस फॅक्टरी इन्स्पेक्टर आला. त्यानं नाकाला रुमाल लावला आणि पावसाळ्याच्या आत ही शेड बंद करा म्हणाला. मग मुलं कुठे ठेवायची, हे त्यानं सांगितलं नाही. ते सांगणं त्याचं काम नव्हतं.

वत्सलाचं सगळंच त्यावर अडलं होतं. ती जालन्याकडची. दुष्काळात गाव सोडून नवरा-बायको इकडे आलेली. नवरा फौंड्रीत होता, पण टेंपररी. मुलगा सिद्धार्थ दहा महिन्यांचा. त्याला आजवर सासू सांभाळत होती आणि ती पेरणीला गावाकडे परत जाणार होती. नवी जागा झाली नाही, तर वत्सलाला नोकरी सोडून घरी बसावं लागणार होतं. आणखी चार-पाच जणींचं असंच होतं, पण त्या बोलायच्या नाहीत. वत्सला सगळ्यांच्या वाटचं बोलायची.

पाळणाघर बांधायला कंपनीची ना नव्हती. अडचण सिमेंटची होती. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. अर्ज करायचा आणि वाट बघायची. कंपनीच्या नावावर जे परमिट निघालं होतं ते नव्या मशीनच्या फाउंडेशनला गेलं. मशीन बोटीत बसून निघालेलं होतं. मुलं काही बोटीतून यायची नव्हती, त्यामुळे त्यांचा नंबर नंतर.

आमचे चीफ इंजिनियर सरपोतदार साहेब. माणूस कोरडा, पण आतून मायाळू. मी तिसऱ्यांदा सिमेंटचं गाऱ्हाणं घेऊन गेले तेव्हा त्यांनी ड्रॉवरमधून एक सायक्लोस्टाइल केलेला कागद काढला.

"मिस साठे, माती कंट्रोलमध्ये नाही," ते म्हणाले.

कागदावर मातीच्या ठोकळ्यांची कृती होती. आता अशा गोष्टींना पर्यावरणाचं मोठं नाव देतात. तेव्हा आम्ही त्याला अडला हरी म्हणत होतो. मुरूम चाळून घ्यायचा. वीस पाट्यांना एक पाटी सिमेंट मिसळायचं. तेवढं फाउंडेशनच्या वाट्यातून निघण्यासारखं होतं. पाणी इतकंच घालायचं की मुठीत लाडू वळला पाहिजे आणि खाली टाकला की फुटला पाहिजे. मग लोखंडी साच्यात भरून लांब दांड्याच्या प्रेसनं दाबायचं की झाला ठोकळा. भट्टी नको, कोळसा नको, लाकूडफाटा नको. प्रेस आमच्या टूलरूमनं भंगारातून बनवून दिलं.

माझे मिस्त्री होते बबनराव. कुरुळी गावचे. सायकलवरून यायचे, डोक्याला रुमाल, कानावर पेन्सिल. गड्यांनी कुठली माती आणावी यावर मी काही सांगायच्या आतच ते म्हणाले, "काळी पिकाला, पांढरी घराला, बाई. आन् हितं मुरूम. आमच्या गावात शेंबडं पोर बी सांगल." काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हात भेगाळते हे मी कॉलेजात एका सत्रात शिकले होते. त्यांचं एका वाक्यात झालं.

पाळणाघर मातीचं होणार ही बातमी वाइंडिंग सेक्शनला माझ्याआधी पोचली. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये वत्सला माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. मागे पाच-सहा जणी.

"साहेबाला सिमेंट आन् आमच्या लेकरांना माती. कामून?"

मी परमिटचं सांगितलं. साच्याचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"बाई, मातीचं घर पावसात बसतं. माझ्या धाकट्या भावाच्या अंगावर बसलंय. म्या पाहिलंय. तुमी पाहिलंय का?"

मी नव्हतं पाहिलं. मी सदाशिव पेठेत वाढलेली. गडबडले की मी हमखास जास्त बोलते. मी म्हटलं, "ही ती माती नाही, वत्सलाबाई. हा ठोकळा आठ दिवस पाण्याच्या बादलीत ठेवू. इथेच, सगळ्यांसमोर. विरघळला तर मातीचं नाव काढणार नाही."

"आन् न्हाई विरघळला तर? तुमचं पोर ठेवाल का तुमी तिथं?"

माझं तेव्हा लग्नही ठरलेलं नव्हतं. बायका हसल्या. मीही हसले आणि म्हटलं, "ठेवीन की."

पन्नास ठोकळे पाडले. नेमकं त्याच आठवड्यात मला तळेगावला कंपनीच्या गोडाऊनच्या पायाचं काम बघायला जावं लागलं. निघताना बबनरावांना बजावलं, "तीन आठवडे रोज दोन वेळा पाणी मारा. विसरू नका."

"व्हय बाई," ते म्हणाले.

तीन आठवड्यांनी परत आले. ठोकळे बघून जीव सुखावला. कडा धारदार, रंग भाकरीसारखा, एकावर एक नीट रचलेले. त्यातला एक उचलला, मिरवत कँटीनमध्ये नेला आणि माझ्या हातानं बादलीत सोडला. आठ दिवस सोडाच, दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा चिखल झाला होता.

चिखलाचा हात धुऊन वत्सला कामावर गेली. मी ठोकळे रचले होते तिथे गेले. बबनराव तिथेच बसले होते. बातमी त्यांनाही लागली होती.

"बबनराव, पाणी मारलं होतं ना?"

ते उठून उभे राहिले. "न्हाई बाई."

"एकदाही नाही?"

"एक थेंब लागू दिला न्हाई," ते म्हणाले. आवाजात अपराध नव्हता, अभिमान होता. मग त्यांनी मला सगळं दाखवलं. ठोकळ्यांवर घातलेला तट्ट्याचा मांडव. त्यावर स्वतःच्या घरून आणलेला प्लास्टिकचा कागद. बाजूनं पाणी येऊ नये म्हणून काढलेला चर. बागेचा नळ गळतो म्हणून त्याला चिंधी बांधलेली. माणूस रविवारीही कुरुळीहून सायकल मारत येऊन बघून जात होता.

"अहो, पण मी सांगितलं होतं!"

"सांगितलं व्हतं. पर बाई, मातीवर पानी? आमी जलमभर भितीला पानी लागू नये म्हनून राबतो. पावसाळ्याआधी तट्ट्याच्या झडपा बांधतो. आमाला वाटलं, तुमी चुकून बोलला. सिमेंटच्या कामाची सवय. मंग चारचौघांत तुमाला कशाला खोटं पाडायचं? म्हनलं, आपनच करू नीट."

मी तिथल्या वाळूच्या ढिगावर बसले. मला राग यायला हवा होता. तीन आठवडे वाया गेले होते, पाऊस जवळ येत होता आणि चाळीस बायकांसमोर माझी शोभा झाली होती. पण ज्या माणसानं माझी लाज राखायला एवढी यातायात केली, त्याच्यावर रागवायचं तरी कसं? चूक कुठे झाली ते मला लख्ख दिसलं. मी काय करायचं ते सांगितलं होतं. का करायचं ते सांगितलं नव्हतं.

मग सांगितलं. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाणी पिऊन घट्ट होतं. ठोकळ्याच्या पोटात जे थोडंसं सिमेंट आहे त्याला तीन आठवडे पाणी मिळालं, तरच ते मातीला धरून ठेवतं. आम्ही याला क्युरिंग म्हणतो. पाणी मिळालं नाही तर राहते ती नुसती दाबलेली माती.

बबनराव म्हणाले, "म्हंजे ठोकळा बाळंतीन हाय म्हना की. आडोशाला ठेवायची, उन्हावाऱ्याला काढायची न्हाई, आन् खायला-प्यायला घालायचं."

"अगदी तसंच."

"मंग सव्वा म्हैना?"

"तीन आठवडे पुरे."

"तसं सांगायचं व्हतं ना बाई आदी!"

मग सरपोतदार साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं. "चूक कुणाची?"

"माझी."

"मिस्त्रीची नाही?"

"नाही. आणि ठोकळा बादलीत टाकण्याआधी मी एकदा घरी पाण्यात टाकून बघायला हवा होता. तेही केलं नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "पुन्हा करा. या वेळी पन्नास नाही, सगळेच पाडायला घ्या. थांबायला वेळ नाही. तोवर दगडाचं जोतं उचला."

"पण वाइंडिंगच्या बायका आता ऐकायच्या नाहीत, सर."

"तो सिव्हिलचा प्रश्न नाही," ते म्हणाले. "पण तुम्हीच सोडवाल."

मी नाही सोडवला. बबनरावांनी सोडवला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते आपणहून कँटीनमध्ये आले. कंत्राटी मिस्त्री कँटीनमध्ये येत नसत. रुमाल हातात घेऊन ते बादलीशेजारी उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले, "बायांनो, ठोकळा बाईनं न्हाई बुडवला. आमी बुडवला." आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. मांडव, चर, नळाची चिंधी, बाळंतीण, सगळं. चिंधीपाशी बायका हसायला लागल्या. बाळंतिणीपाशी गप्प झाल्या. त्यांना ते माझ्या क्युरिंगपेक्षा जास्त कळलं.

वत्सला म्हणाली, "मंग ह्या टायमाला पाणी आमी घालू. कुणावर सोडायचं न्हाई."

आणि घातलं. सकाळी शिफ्टच्या आधी दोघी आणि जेवणाच्या सुट्टीत दोघी. पाळ्या लावल्या. ठोकळ्यांवर भिजवलेली गोणपाटं, त्यावर झारीनं पाणी. कॉइलच्या बोर्डवर खडूनं रोजचं टार्गेट लिहायचे, त्याच्या खालच्या कोपऱ्यात आता पाणी कुणाचं ते लिहिलेलं असायचं. सुपरवायझर विचारायचा, "बाळंतिणी कशा आहेत?" सगळा सेक्शन एका आवाजात म्हणायचा, "बऱ्या आहेत." आख्ख्या नोकरीत मी इतक्या मायेनं केलेलं क्युरिंग पाहिलं नाही.

तीन आठवडे भरले त्या दिवशी वत्सलानं स्वतः ठोकळा निवडला. वरचा नाही, कडेचा नाही, मधल्या थरातला ओढून काढला. बोटानं वाजवला, जसं माठ घेताना वाजवतो तसा. बादलीत स्वतः ठेवला. आठ दिवस रोज येता-जाता प्रत्येक बाई वाकून बघायची. पाणी स्वच्छ राहिलं. मी मात्र त्या आठ दिवसांत नीट जेवले नाही, हे आता सांगायला हरकत नाही.

नवव्या दिवशी तिनं तो बाहेर काढला. केसातला आकडा काढून त्याच्यावर ओढला. पुसटशी रेघ उमटली. मग तिनं तो गुडघ्याइतक्या उंचीवरून फरशीवर सोडला. फरशीचा टवका उडाला.

"बांधा," ती म्हणाली. ठोकळा उचलून तिनं परत बादलीत ठेवला. का, ते मी विचारलं नाही. गडबडीत होते.

भिंती भराभर चढल्या. बबनरावांनी एकच हट्ट धरला, की वळचण हातभर पुढे काढायची. "पानी पिऊन घट झाला तरी मातीच हाय. रोज उठून भिजवू नका." या वेळी मी काय आणि का दोन्ही त्यांच्याकडून ऐकलं आणि ड्रॉइंग बदललं. कौलं जुन्या गोडाऊनची उतरवलेली मिळाली.

आतलं सामान पेट्यांच्या लाकडाचं केलं. परदेशातून मशीन यायचं ते पाइनच्या भल्यामोठ्या पेट्यांतून. ते लाकूड कंपनी कामगारांना चिठ्ठ्या टाकून द्यायची. पिंपरी-चिंचवडच्या निम्म्या घरांतल्या खाटा आणि मांडण्या त्याच लाकडाच्या होत्या. नवं मशीन आलं तेव्हा कामगारांनी चिठ्ठ्या टाकल्याच नाहीत. सगळ्या पेट्या पाळणाघराला द्या म्हणाले. त्यातून पाळणे झाले, बुटक्या मांडण्या झाल्या, खिडक्यांची दारं झाली. खोलीत शिरलं की लाकडाचा गोड वास यायचा. थिनरच्या वासात वाढलेली मुलं पहिल्या दिवशी नाक वर करून बसली होती.

एका पाळण्याच्या फळीवर इंग्रजी शिक्का तसाच राहिला होता. सुतार तो रंध्यानं काढायला निघाला. वत्सलानं विचारलं, "काय लिवलंय?"

"हँडल विथ केअर," मी म्हटलं. "म्हणजे सांभाळून उचला."

"मंग राहू द्या की," ती म्हणाली. सिद्धार्थला तिनं त्याच पाळण्यात ठेवलं आणि शिफ्टला गेली. सासू गावाला गेली होती, पण वत्सलाची नोकरी टिकली. आणि पाऊस सुरू व्हायच्या आत कौलं चढली होती.

त्या पावसाळ्यात मी मनातून घाबरलेली होते. जोराची सर आली की छत्री घेऊन पाळणाघराला एक चक्कर मारायचे. बहुतेक वेळा तिथे बबनराव आधीच येऊन भिंतीला हात लावून उभे असायचे. भिंतींना काही झालं नाही.

पाच वर्षं गेली. माझं लग्न झालं, निगडीला राहायला गेले, आडनाव बदललं. कंपनीत साठेबाईच राहिले. मुलगी झाली, मुक्ता. रजा संपली की तिला पुण्याला आईकडे ठेवायचं ठरलं होतं. रजा संपायला चार दिवस असताना आई न्हाणीघरात घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला.

सोमवारी सकाळी मुक्ताला कडेवर घेऊन मी पाळणाघराच्या दारात उभी राहिले. खोटं कशाला बोलू, दिलेला शब्द वगैरे माझ्या डोक्यातही नव्हता. मला फक्त रजा संपल्याची काळजी होती.

दारात वत्सला. कॉइलचं काम डोळ्यांना झेपेना म्हणून तिनं पाळणाघराचं काम मागून घेतलं होतं. सिद्धार्थ शाळेत जायला लागला होता. तिनं काही न विचारता मुक्ताला माझ्याकडून घेतलं आणि शिक्का असलेल्या पाळण्यात, भिंतीच्या अगदी कडेला ठेवलं. एक झोका दिला. मग व्हरांड्याच्या कोपऱ्यातून एक बादली ओढत आणली. जस्ताची, कँटीनमधली. आत शेवाळलेला, तरीही सगळ्या कडांसकट, तो ठोकळा.

"अजून ठेवलाय?" मी विचारलं.

"पाणी कमी झालं की भरायची."

"अहो, पण आठ दिवसच ठरले होते."

"त्याचे आठ दिवस कवाच झाले, बाई. तुमचं राहिलं व्हतं." तिनं पदर खोचला. "तुमी म्हणला व्हता, माझं पोर ठेवीन म्हणून. तवा लगीन न्हाई, पोर न्हाई, तुमाला तरी काय म्हणायचं? म्हणलं, बघू. हा ठोकळा बी राहील तवर पाण्यात."

मी म्हटलं, "वत्सलाबाई, मी विसरले होते."

"म्या न्हाई विसरले."

तिनं दोन्ही हात बादलीत घालून ठोकळा काढला, पाणी निथळू दिलं आणि व्हरांड्याच्या कट्ट्यावर उन्हात ठेवला.

"जा तुमी कामाला," ती म्हणाली. "पोर आन् ठोकळा, दोन्ही बघते."

मुक्ता त्या भिंतीशेजारी तीन वर्षं वाढली. ठोकळा वाळल्यावर दार अडवायला म्हणून राहिला, आणि मी कंपनी सोडली तेव्हाही तिथेच होता. पुढे माझ्या हाताखाली जे तरुण इंजिनियर आले त्यांना मी दोन गोष्टी मात्र आवर्जून सांगत आले. पाणी मारायला सांगाल तेव्हा का मारायचं तेही मिस्त्रीला सांगा. आणि साइटवर शब्द जरा जपून द्या, कुणीतरी बादली भरून ठेवलेली असते.